हृदयस्नायूचे आजार आणि आयुष्याचा अंदाज

हृदयाच्या स्नायूचा आजार झालेला माणूस किती वर्षे जगेल, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत पार पालटले आहे. त्याचे श्रेय औषधांना, शस्त्रक्रियांना आणि छातीत बसवायच्या यंत्रांना आहेच. पण या बदलाचा मोठा भाग एका साध्या गोष्टीतून आला: कोणत्या रुग्णांची मोजणी झाली. आधी फक्त मेलेल्यांची झाली, मग अत्यवस्थांची, आणि पुष्कळ उशिरा सगळ्यांची.

या आजारांना वैद्यकात कार्डिओमायोपथी म्हणतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, झडपा शाबूत असतात, रक्तदाबही आटोक्यात असतो. तरीही स्नायूच बिघडलेला असतो. त्याच्या मुख्य तीन तऱ्हा आहेत. हायपरट्रॉफिक प्रकारात डाव्या निलयाची भिंत, विशेषतः दोन निलयांमधला पडदा, कारण नसताना जाड होते. डायलेटेड प्रकारात पोकळी फुगते आणि आकुंचनाची ताकद जाते. ‘हार्ट मोठं झालंय’, ‘पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय’ असे घरोघरी बोलले जाते ते बहुधा या प्रकाराबद्दल. रिस्ट्रिक्टिव्ह प्रकारात भिंत ताठर होते आणि हृदय नीट भरत नाही. पहिल्या प्रकाराला बोलीभाषेत नाव पडले नाही, कारण तो वर्षानुवर्षे गप्प असतो.

एकोणिसाव्या शतकात हे आजार वेगळे ओळखले जात नव्हते. नेपोलियनचा वैद्य झाँ-निकोला कोर्व्हिझार याने 1806 मध्ये हृदयरोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात भिंत जाड होऊन फुगलेले आणि पातळ होऊन फुगलेले हृदय असा भेद त्याने केला होता. बरे होण्याच्या आशेबद्दलचे त्याचे मत ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच कळते: तिथे कुशीत प्राणघातक बाण रुतलेल्या हरिणीबद्दलची व्हर्जिलची ओळ छापली होती. पुढे मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयस्नायूचा दाह, हा शब्द रूढ झाला आणि त्याचा वापर इतका सैल झाला की विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत उतारवयात हृदय थकून झालेल्या कुठल्याही मृत्यूच्या दाखल्यावर ‘जुनाट मायोकार्डायटिस’ लिहिले जाई. रक्तदाबाने आणि अडलेल्या रक्तवाहिन्यांनी झालेले मृत्यूही त्याच गाठोड्यात जात. ज्या आजाराचे मृत्यूच वेगळे मोजले जात नव्हते, त्याच्या आयुर्मानाचा हिशोब निघणे शक्य नव्हते.

वेगळेपण ठसठशीत झाले ते 1957-58 मध्ये, लंडनमध्ये. वॉलेस ब्रिगडन यांनी 1957 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेल्या हृदयस्नायू विकारांचे सविस्तर वर्णन केले आणि कार्डिओमायोपथी हा शब्द प्रचारात आणला. त्याच वर्षी शल्यविशारद रसेल ब्रॉक यांनी असे रुग्ण नोंदवले की ज्यांच्या डाव्या निलयातून बाहेर पडणारे रक्त अडत होते, पण अडवणारी झडप मात्र निरोगी होती. पुढच्या वर्षी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये डोनाल्ड टेअर यांचा निबंध आला, आणि हायपरट्रॉफिक प्रकाराचा आधुनिक इतिहास तिथून सुरू होतो असे मानले जाते.

टेअर हे सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले न्यायवैद्यक शास्त्रज्ञ. लंडनमधल्या अनैसर्गिक आणि आकस्मिक मृत्यूंची शवविच्छेदने करणे हे त्यांचे रोजचे काम. गाजलेल्या खून खटल्यांत साक्षी देणारे म्हणून वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक होते. त्यांच्या टेबलावर अधूनमधून एखादा तरुण देह येई. धडधाकट माणूस, आदल्या दिवसापर्यंत कामावर गेलेला, अंगावर जखम नाही, पोटात विष नाही. हृदय उघडल्यावर मधला पडदा बाजूच्या भिंतीपेक्षा कितीतरी जाड दिसे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागचे स्नायूतंतू समांतर असण्याऐवजी वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले दिसत. ही गाठ तर नव्हे, अशी शंका टेअर यांनी घेतली होती. फ्रान्समध्ये 1869 मध्ये आणि जर्मनीत 1907 मध्ये अशा हृदयांची तुरळक वर्णने झाली होती, पण ती विस्मृतीत गेली होती. टेअर यांनी मांडलेले रुग्ण दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. त्यांचे वय 14 ते 44 च्या दरम्यान होते आणि बहुतेकांना अचानक मरण आले होते. 1960 मध्ये टेअर, जॉन गुडविन आणि सहकाऱ्यांनी अशा एका कुटुंबाचा अभ्यास छापला, तेव्हा हा विकार रक्ताच्या नात्यातून उतरतो हेही पुढे आले.

निरीक्षण अचूक होते. त्याची सावली मात्र फार लांब पडली. आजाराची पहिली ओळखच शवागारातून झाली, त्यामुळे जाड पडदा आणि अकाली मृत्यू यांची सांगड वैद्यकाच्या मनात पक्की बसली.

अटलांटिकच्या पलीकडे, वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत याच काळात यूजीन ब्राउनवाल्ड आणि शल्यविशारद अँड्र्यू मॉरो यांना हा आजार शस्त्रक्रियेच्या टेबलावर भेटला. झडपेखाली अडथळा आहे अशा निदानाने हृदय उघडले, तर आत काहीच सापडेना. थांबवलेल्या, सैल पडलेल्या हृदयात वाट मोकळी होती. ते धडधडत असताना जाड पडदा आणि झडपेचे पाते जवळ येऊन ती आवळली जात होती. हे उमगल्यावर पडद्याचा फुगवटा कापून काढण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. लंडनमध्ये विल्यम क्लेलँड यांनी ती 1958 मध्ये केली होती. बेथेस्डात मॉरो यांनी ती इतकी घडवली की आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सुरुवातीला तिच्यात जिवाची जोखीम मोठी होती. आता ती नेमाने करणाऱ्या केंद्रांत शस्त्रक्रियेतले मृत्यू शंभरात एकाहूनही कमी असतात. मॉरो 1982 मध्ये वारले. ते स्वतः याच आजाराचे रुग्ण होते.

बेथेस्डा आणि लंडनचे हॅमरस्मिथ हॉस्पिटल, जिथे गुडविन काम करत, या दोन ठिकाणी पुढची वीस वर्षे या आजाराचे ज्ञान जमत गेले, आणि आयुर्मानाचे आकडेही तिथूनच निघाले. दरवर्षी शंभरातले 3 ते 4 रुग्ण दगावतात, मुलांमध्ये हे प्रमाण 6 पर्यंत जाते, असे ते आकडे होते. वर्षाला 4 टक्के म्हणजे दहा वर्षांत शंभरातले तेहेतीस. निदान झालेल्या विशीतल्या तरुणाला हा हिशोब सांगितला की त्याचे शिक्षण, नोकरी, लग्न, विमा, सगळ्यावर पाणी पडे. आणि हिशोबात कुठे खोट नव्हती. त्या दोन रुग्णालयांत आलेल्यांचे खरोखरच तसे होत होते.

प्रश्न होता तो तिथे कोण पोहोचत होते याचा. छातीत सतत दुखणारे, चालता चालता कोसळलेले, घरात दोन-तीन अकाली मृत्यू पाहिलेले, शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसलेले असे लोक देशभरातून या केंद्रांकडे पाठवले जात. ज्याला काहीच होत नव्हते त्याला कोणी बेथेस्डाला कशाला पाठवेल? गावातल्या दवाखान्यात नाडी दाखवून घरी जाणारे, सत्तरी ओलांडून दुसऱ्याच कारणाने जाणारे रुग्ण कुठल्याच निबंधात आले नाहीत. 1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची रीत शोधली आणि 1970 च्या दशकात ती सर्वत्र पसरली, तेव्हा छाती न उघडता पडद्याची जाडी मोजता येऊ लागली. आज ज्याला सर्रास ‘टू-डी एको’ म्हणतात ती हीच तपासणी. रुग्णाच्या भावंडांची आणि आईवडिलांची एको काढली, तर पडदा तितकाच जाड, पण तक्रार काहीच नाही, असे लोक निघू लागले.

इटलीत पाओलो स्पिरितो यांनी 1989 मध्ये बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णांचा मागोवा छापला, त्यात मृत्यूचे प्रमाण बड्या केंद्रांपेक्षा खूपच कमी होते. 1995 मध्ये मिनिआपोलिसचे बॅरी मॅरन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार शहरांतल्या 23 ते 35 वयाच्या 4,111 सर्वसामान्य तरुणांच्या एको तपासण्या पाहिल्या. हे लोक आजारी म्हणून निवडलेलेच नव्हते. त्यांच्यापैकी 7 जणांत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी सापडली, म्हणजे साधारण पाचशेत एक. दुर्मीळ समजलेला आजार दुर्मीळ नव्हता, आणि तो इतक्यांना असूनही तरुण पिढी कोसळत नव्हती, म्हणजे बहुतेक जण त्याच्यासकट जगत होते. 1999 मध्ये मॅरन यांनीच मिनेसोटातल्या 277 रुग्णांचा हिशोब मांडला: वार्षिक मृत्यूचे प्रमाण 1.3 टक्के, त्या वयाच्या सर्वसाधारण लोकांपेक्षा फारसे वेगळे नाही, आणि चौथा हिस्सा रुग्ण पंच्याहत्तरी गाठणारे. त्या चाळीस वर्षांत बीटा-ब्लॉकर ही औषधे आली होती, शस्त्रक्रिया सुधारली होती. पण हा फरक मुख्यतः मोजणीतला होता. जे आधीपासून दीर्घायुषी होते ते आता कुठे हिशोबात आले.

तरीही थोड्या रुग्णांच्या बाबतीत टेअर यांची भीती खरीच राहिली. जून 2003 मध्ये ल्यों येथे सामना चालू असताना कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए मैदानात कोसळून मरण पावला. शवविच्छेदनात हाच आजार निघाला. अशा माणसाला वाचवणारे यंत्र मिशेल मिरोव्हस्की यांच्या ध्यासातून आले. पोलंडमध्ये जन्मलेले, युद्धातून वाचलेले मिरोव्हस्की इस्रायलमध्ये काम करत असताना त्यांचे ज्येष्ठ सहकारी हृदयाच्या बेबंद ठोक्यांनी 1966 मध्ये दगावले. ठोके बिघडताच आतल्या आत विजेचा झटका देऊन ते सुरळीत करणारे यंत्र शरीरात बसवता येईल, ही कल्पना घेऊन ते बाल्टिमोरला गेले. नामवंतांनी ती अव्यवहार्य ठरवली. फेब्रुवारी 1980 मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये ते यंत्र पहिल्यांदा माणसात बसले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी एकदा मृत्यूच्या दारातून परतलेल्या हायपरट्रॉफिक रुग्णांमध्ये दरवर्षी 11 टक्क्यांत आणि केवळ धोका जास्त म्हणून यंत्र बसवलेल्यांत 5 टक्क्यांत त्याने योग्य वेळी झटका दिल्याचे आढळले. 2015 पर्यंत प्रौढ रुग्णांत या आजारामुळे होणारे मृत्यू वर्षाला सुमारे अर्ध्या टक्क्यावर आले. हा दुसरा उतार मात्र उपचारांनी घडवलेला आहे.

डायलेटेड प्रकाराची कथा वेगळ्या वाटेने गेली, कारण तिथे वाईट आकडे बऱ्याच अंशी खरेच वाईट होते. मेयो क्लिनिकच्या व्हॅलेंटिन फुस्टर आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये 104 रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांतले 77 टक्के वेगाने मृत्यूकडे गेले, आणि झालेल्या मृत्यूंपैकी दोन तृतीयांश पहिल्या दोन वर्षांतच झाले. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डिजॉक्सिन आणि विश्रांती याखेरीज देण्यासारखे फारसे काही तेव्हा नव्हते. या क्षेत्रातही निवडीचा दोष होताच: त्याच मेयो क्लिनिकच्या आसपासच्या ऑल्मस्टेड काउंटीतल्या स्थानिक रुग्णांचा माग 1992 मध्ये प्रसिद्ध झाला, तर पाच वर्षांनी सुमारे 80 टक्के जिवंत होते. दुरून पाठवलेले आणि शेजारी राहणारे यांच्या आयुष्यात इतका फरक होता.

पण इथे औषधांनी खरोखर दिवस वाढवले, आणि त्यांतले एक औषध तर निषिद्ध मानले गेले होते. बीटा-ब्लॉकर हृदयाचा जोर कमी करतात, मग दुबळ्या हृदयाला ते देणे म्हणजे घातच, असे पाठ्यपुस्तके सांगत. स्वीडनमधल्या गोटेबोर्ग येथे फिन व्हागस्टीन यांनी 1975 मध्ये अवघ्या सात रुग्णांना ते अगदी थोड्या मात्रेत दिले आणि ते सुधारले. बरीच वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. 1999 मध्ये हजारो रुग्णांवरच्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले, तेव्हा हा वाद संपला. त्याआधी 1987 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या एका चाचणीत अतिशय थकलेल्या रुग्णांतले सहा महिन्यांतले मृत्यू एनालाप्रिलमुळे 44 वरून 26 टक्क्यांवर आले होते. मग स्पायरोनोलॅक्टोन, दोन्ही निलयांचे ठोके जुळवणारा पेसमेकर, आणि 2019 मध्ये मूळची मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन ही गोळी अशी भर पडत गेली. इटलीतल्या त्रिएस्ते येथे 1978 पासून सलग नोंदी ठेवल्या जातात. त्यांत पहिल्या दशकातले निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण आठ वर्षांनंतर हृदयारोपणाशिवाय जिवंत होते. दोन दशकांनंतर ते प्रमाण 85 टक्क्यांच्या पुढे गेले. काहींचे हृदय आकाराने पुन्हा लहान झाले. बाळंतपणाच्या आसपास जडणाऱ्या प्रकारात तर असे पूर्ववत होणे बऱ्याच स्त्रियांत पहिल्या सहा महिन्यांतच दिसते. तरी औषधे थांबवली की आजार उलटू शकतो, म्हणून बरे वाटल्यावरही गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

ज्यांचे हृदय औषधांना दाद देत नाही त्यांच्यासाठी प्रत्यारोपण हा शेवटचा मार्ग, आणि त्याच्या आरंभीच्या इतिहासात मुंबईचे नाव आहे. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर 1967 मध्ये केपटाउनला पहिले मानवी हृदय बदलले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, 16 फेब्रुवारी 1968 रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केले. रुग्ण काही तासच जगला. शरीराकडून नाकारले जाणारे अवयव टिकवण्याची साधने तेव्हा तोकडी होती, आणि मेंदूमृत्यूला भारतात कायद्याचा आधार नव्हता. हा नकार रोखणारे सायक्लोस्पोरिन 1980 च्या दशकात आले. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 मध्ये झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या पथकाने देशातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईला मात्र 2015 उजाडावे लागले. त्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या दात्याचे हृदय वाहतूक थांबवून मुलुंडला आणले गेले. आज नवे हृदय मिळालेल्यांपैकी निम्मे जण बारा वर्षांहून अधिक जगतात, पण दाते इतके कमी आहेत की हा आकडा फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

ताठर हृदयाच्या एका प्रकाराने केरळच्या किनारपट्टीवर गरीब घरांतली मुले आणि तरुण माणसे नेली. एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस हा तो आजार. युगांडातल्या कंपाला येथे जे. एन. पी. डेव्हिस यांनी 1948 मध्ये तो प्रथम ओळखला. हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाड, चिवट थर चढतो, पोट पाण्याने फुगते, आणि रुग्ण खंगत जातो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पथकाने तो थर सोलून काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतल्या सेरियमचा त्याच्याशी संबंध असावा असे मांडले. इतरांनी जंत, कुपोषण, टॅपिओकावरच भागणारा आहार यांकडे बोट दाखवले. कोणतेही एक कारण सिद्ध झाले नाही. पण केरळात घरोघरी सकस अन्न, चपला, शौचालये आणि दवाखाने पोहोचले, तसे नवे रुग्ण येणे ओसरत गेले. या आजारावर शस्त्रक्रियेने काहींना वर्षे मिळाली. राहणीमान सुधारल्याने पुढच्या पिढीतल्या मुलांना तो बहुधा झालाच नाही, आणि त्यांचे वाचलेले आयुष्य कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदीत दिसत नाही.

मोजणीचे वर्तुळ आणखी रुंदावले ते जनुकशास्त्रामुळे. कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या कोआतिकूक परिसरातल्या एका फ्रेंचभाषक घराण्यात पिढ्यानपिढ्या तरुण माणसे अचानक मरत. माँट्रियलच्या डॉक्टरांनी 1961 मध्ये त्यांची वंशावळ छापली होती. त्याच घराण्याच्या रक्तावरून बोस्टनमधल्या क्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या प्रयोगशाळेने 1989 मध्ये दोष चौदाव्या गुणसूत्रावर शोधला आणि पुढच्याच वर्षी तो मायोसिन या स्नायू-प्रथिनाच्या जनुकात असल्याचे दाखवले. भारतीयांसाठी महत्त्वाचा शोध 2009 मध्ये आला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील के. थंगराज, पेरुंदुराई धंदपाणी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की MYBPC3 या जनुकातला 25 अक्षरांचा एक तुकडा दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत गळलेला असतो आणि त्यांना उत्तरायुष्यात हृदय निकामी होण्याचा धोका बराच जास्त असतो. शंभरातले चार म्हणजे कोट्यवधी माणसे. पण त्यांतली बहुसंख्य ठणठणीत म्हातारी होतात. 2018 च्या अभ्यासाने असे सुचवले की धोक्याचा मोठा भाग त्या गळलेल्या तुकड्याबरोबर आणखी एक बदल वाहणाऱ्या थोड्या लोकांत एकवटलेला असावा.

म्हणजे आता हिशोबात असे लोक आले आहेत ज्यांना आजार झालेलाच नाही, फक्त त्याचे बीज आहे. हायपरट्रॉफिक रुग्णाच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांची ईसीजी आणि एको करावी, लहान मुलांची दर एक-दोन वर्षांनी आणि प्रौढांची दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करावी, असा आजचा संकेत आहे. कुटुंबातला दोष जनुकचाचणीत नेमका सापडला आणि एखाद्या नातलगात तो नसेल, तर त्याची या फेऱ्यांतून सुटका होते. अडथळा असलेल्यांसाठी मायोसिनचाच जोर उतरवणारे माव्हाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झाले. त्याने धाप आणि थकवा कमी होतो, आयुष्य किती वाढते हे मोजायला अजून काही वर्षे जावी लागतील. तोवर डॉक्टर सगळ्यांना एकच सरासरी सांगत नाहीत. पडद्याची जाडी, कधी बेशुद्ध पडणे, घरातला अकाली मृत्यू, एमआरआयवर दिसणारे स्नायूतले व्रण आणि ठोक्यांची नोंद पाहून प्रत्येकाचा पाच वर्षांचा धोका स्वतंत्र काढला जातो, आणि तो कमी निघालेल्या रुग्णाला छातीत यंत्र न बसवता, वर्षातून एकदा तपासणीला बोलावून घरी पाठवले जाते.